वजन तेच, पोट मात्र सुटलेलं

ब्लाउजच्या बाह्या सैल होतात आणि परकराची नाडी अपुरी पडू लागते. वजनकाट्यावर आकडा मात्र तोच. वर्षानुवर्षं एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या काहींचे गाल बसतात, हातपाय काटकुळे होतात, पोट पुढे येतं. याला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. नागभीडच्या आसपास रोवणीला सगळी आळी एकाच बांधीत उतरते. तिथे शरीरातला असा बदल लपत नाही. लोक विचारतात, आणि त्या धास्तीने कुणी गोळ्याच सोडून बसतं. तसं होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

हे पोट खादाडपणाचं नव्हे. २००४ साली सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन असे. त्या गोळ्यांनी माणसं जगवली, पण स्टॅव्हुडिनने चेहऱ्याची आणि हातापायांची चरबी झडत असे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. पोट सुटण्यात मात्र जुन्या औषधांबरोबर विषाणूमुळे शरीरात धुमसणारा दाह आणि वाढतं वय यांचाही वाटा असतो.

पोटाची कातडी चिमटीत धरून पाहा. हाताला लागते ती वरची चरबी. लिपोडिस्ट्रॉफीत पोट सुटतं ते दुसऱ्या चरबीने; ती पोटाच्या स्नायूंच्या मागे, आतड्यांभोवती साठते. पोट टणक लागतं आणि चिमटीत फारसं काही येत नाही. मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढवते ती हीच.

तिच्यावर टेसामोरेलिन नावाचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला मंजुरी मिळाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला ते वाढीचं संप्रेरक सोडायला लावतं. रोज पोटाच्या कातडीखाली टोचायचं. चाचण्यांमध्ये २६ आठवड्यांत आतली चरबी सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घटली. सुई थांबवली की ती परत आली. रक्तातली साखर वाढू शकते. गरोदरपणात आणि कॅन्सर असताना ते चालत नाही. आपल्या मोफत एआरटीत ते मिळत नाही. त्यासाठी कुणी धान विकू नये, कर्ज काढू नये, हे माझं स्पष्ट मत. इंटरनेटवर त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या कुप्यांना तर हातही लावू नका.

एआरटी सेंटरला गेलात की वजनाबरोबर कंबरही मोजून मागा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ताटातला भात थोडा कमी करून डाळ, अंडी वाढवा. रोज भरभर चाला. गुडघेदुखीसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असेल, तर आपल्या गोळ्यांची नावं आधी दाखवा. गोळ्यांत रिटोनाविर असेल तर ते स्टेरॉइड शरीरात साचतं आणि पोट आणखी सुटतं.

गोळी बदलायची असेल तर ती डॉक्टर बदलतील. आपणहून एकही दिवस चुकवू नका. तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार कुणाला सांगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा. तो मोफत आहे.