कानात वायर घालून पोरगा काय ऐकतो?

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो आम्ही शोधलेला नाही, एका गटाच्या बैठकीतच तो समोर आला.

त्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, दोन हजार रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराला हेडफोन घ्यायचाय." मग काय, सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. शेळीला कर्ज देतो, बियाण्याला देतो, दवाखान्याला देतो, हेडफोनला कधी देतात का? एकीने तर तोंडावरच विचारलं, "तो आरडाओरड्याची गाणी ऐकतो, तोच ना तुझा?" ताई काही बोलल्या नाहीत. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

सगळ्या गेल्यावर ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, पोरगा आयटीआयला जातो, अभ्यास करतो. पण रात्री बारा-बारापर्यंत कानात वायर घालून बसतो. मोबाइलवर लांब केसांची, काळ्या कपड्यांची माणसं दिसतात. वाईट नादाला नाही ना लागला, एवढं तुम्ही बघा." ताईंच्या घरची एक गोष्ट आम्हाला आधीपासून माहीत होती. त्यांचे मालक दारू पितात. ताईंनी परवानगी दिली म्हणून हे सांगतोय. नाव आणि गाव सांगणार नाही.

आम्ही तिघी समन्वयक. गटाचं कर्ज, बँक जोडणी, पापडाचं पॅकिंग यातलं आम्हाला कळतं, इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही. म्हणून त्या मुलालाच कार्यालयात बोलावलं आणि म्हटलं, तूच सांग. चार दुपारी तो येत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

तो ज्या बँडचा भक्त आहे (भक्तच म्हणायला हवं), त्याचं नाव ड्रीम थिएटर. हा अमेरिकेतला बँड. 1985 साली बोस्टन शहरातल्या बर्कली या संगीताच्या कॉलेजात तीन विद्यार्थी एकत्र आले : गिटार वाजवणारे जॉन पेट्रुची, बेस गिटार वाजवणारे जॉन म्यांग आणि ड्रम वाजवणारे माइक पोर्टनॉय. त्यांनी आधी घेतलेल्या नावावर दुसऱ्यांनी हक्क सांगितला. तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका सिनेमा थिएटरचं नाव सुचवलं, तेच आजचं नाव.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. त्यातलं मेटल आधी समजून घेऊ. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने बोटांना प्लास्टिकच्या टोप्या करून बसवल्या, गिटारच्या तारा सैल केल्या आणि वाजवत राहिला. त्यातून जो खोल, जड आवाज निघाला त्यावर पुढे ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला, आणि मेटल संगीत तिथून वाढलं. यंत्राच्या घरघरीत वाढलेल्या पोरांचं ते संगीत आहे. ते गोड कसं असेल?

आता प्रोग्रेसिव्ह. हे आम्हाला ठेक्यावरून समजलं. आपल्या भजनाचा ठेका आठ मात्रांचा असतो आणि टाळ आपोआप पडतो. रूपकाच्या सात मात्रा असतात, तिथे नवीन बाईचा टाळ हमखास चुकतो. आता विचार करा, एकाच गाण्यात ठेका सातावरून पाचावर, पाचावरून सहावर, मग आठावर असा सारखा बदलत गेला तर काय होईल? ड्रीम थिएटरचं 'द डान्स ऑफ इटर्निटी' हे नुसत्या वाद्यांचं गाणं सहा मिनिटांचं आहे आणि त्यात ठेका शंभरावर वेळा बदलतो. मुलाने टेबलावर बोटांनी मात्रा मोजून दाखवल्या. आमच्यातली एक भजनी मंडळात पखवाज वाजवते. तिने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा हात जोडले. पण त्या दुपारपासून 'आरडाओरडा' हा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकला नाही.

खरं सांगायचं तर आवाज आम्हाला अजूनही मोठाच वाटतो. काही गाण्यांत गिटारवादक इतक्या वेगाने बोटं चालवतो की ते कशासाठी, हे कळत नाही. मुलगा म्हणतो तेच तर ऐकायचं असतं. त्याचं त्याला लखलाभ. मात्र त्यांचे गायक जेम्स लाब्री हे स्वच्छ सुरात गातात. आम्हाला भीती होती तसलं घशातून ओरडणं त्यांच्या गाण्यात फारसं नाही.

या बँडच्या चाहत्यांची रीतही सांगण्यासारखी आहे. ते सुटं गाणं ऐकत नाहीत, सगळा अल्बम एका बैठकीत ऐकतात. त्यांच्या 1992 सालच्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बममध्ये एक गाणं होतं, 'मेट्रोपोलिस'. त्याच्या नावापुढे गमतीने 'भाग पहिला' असं लिहिलं होतं. दुसरा भाग करायचा विचारही नव्हता. पण चाहते विचारत राहिले, दुसरा भाग कुठे आहे? अखेर 1999 साली बँडने दुसरा भाग केला आणि तो सगळा अल्बमच झाला, सव्वा तासाहून मोठा, एका सलग कथेचा. निकोलस नावाच्या माणसाला स्वप्नात एक बाई दिसत राहते. 1928 साली खून झालेली ती व्हिक्टोरिया. तिचा आणि आपला मागच्या जन्मीचा काय संबंध, हे तो शोधत जातो. 'मधुमती' सिनेमा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पहिल्या भागातले सूर आणि शब्द दुसऱ्या भागात मध्येच डोकावतात, आणि ते पकडण्यात चाहत्यांना फार आनंद. मुलाने मध्येच बोट वर केलं, "हे बघा, आलं!" आम्हाला काही आलेलं कळलं नाही. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं, तेव्हा कळलं.

तिसऱ्या दुपारी ताईही आल्या होत्या. त्या दिवशी मुलाने 'अ चेंज ऑफ सीझन्स' लावलं. हे गाणं तेवीस मिनिटांचं आहे. लिहिलं गेलं 1989 च्या सुमारास, पण अल्बममध्ये जागा मिळाली नाही. बँड ते कार्यक्रमांत वाजवायचा, ते ऐकून चाहत्यांनी सह्यांचा अर्ज केला की हे नीट ध्वनिमुद्रित करा. 1995 साली ते निघालं. आपण रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला सह्यांचं निवेदन देतो, तसं त्यांनी गाण्यासाठी दिलं. गाण्याचे शब्द ड्रमवाल्या पोर्टनॉयचे आहेत. तो विशीच्या आत असताना त्याची आई विमान अपघातात गेली. गाण्यात त्याचंच दुःख आहे. मुलगा एकेक ओळ थांबवून मराठीत सांगत होता. ताई म्हणाल्या, "म्हणजे हे आईचं गाणं आहे?" तो म्हणाला, "हो." मग ताईंनी हेडफोन मागितला, मुलाचा जुनाच, एका कानाला ऐकू येणारा, आणि शेवटपर्यंत ऐकलं. त्यावर काही बोलल्या नाहीत.

दुसरी गोष्ट त्याने आईसमोर सांगितली नाही, नंतर आम्हाला सांगितली. हे पोर्टनॉय दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. त्यातून ते बाहेर पडले ते 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या मार्गाने. अमेरिकेत 1935 साली सुरू झालेली ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांची संघटना. तिच्या सभा आपल्याकडे मराठीतूनही चालतात, आणि तिथे नाव गुप्त राहतं. तिच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी, दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं. मधल्या पायऱ्यांत, मी कोणाकोणाला दुखावलं त्याची यादी करायची आणि जमेल तिथे भरपाई करायची. शेवटची, आपल्यासारख्या दुसऱ्याला हा मार्ग सांगणं. पोर्टनॉयने या बारा पायऱ्यांवर पाच गाणी लिहिली, पाच वेगवेगळ्या अल्बममध्ये एकेक. पहिलं 2002 मध्ये, शेवटचं 2009 मध्ये. आधीच्या गाण्यातली चाल पुढच्यात परत येते, कारण दारू सोडणाऱ्यालाही मागचं परत परत आठवतं.

चाहते सात वर्षं पुढच्या पायरीची वाट पाहत राहिले. यादी आणि भरपाईच्या पायऱ्यांचं गाणं 2007 सालचं आहे, 'रिपेंटन्स', म्हणजे पश्चात्ताप. त्यात पोर्टनॉयने आपल्या ओळखीच्या बऱ्याच कलाकारांचे आवाज घेतले आहेत. ते गात नाहीत, नुसते बोलतात, आपापल्या आयुष्यातल्या चुकांबद्दल. पुढे 2010 मध्ये पोर्टनॉय बँड सोडून गेले. मग 2017 साली, पन्नाशीच्या वर्षी, त्यांनी दुसरे वादक जमवून पाचही गाणी सलग वाजवली, जवळजवळ तासभर. मुलगा म्हणाला, "मी ते व्हिडिओवर कितीदा पाहिलंय. बाबा पिऊन आले की तेच लावतो."

आम्ही तिघी काही वेळ नुसत्या बसून होतो.

त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांबद्दलही थोडं सांगतो. कार्यक्रम पुष्कळदा तीन-तीन तासांचे. पोर्टनॉय असताना रोजची गाण्यांची यादी तेच करायचे. मागच्या खेपेला याच गावात काय वाजवलं होतं ते पाहून यावेळी वेगळं घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणून चाहते एकाच दौऱ्यातले दोन-तीन कार्यक्रमही पाहतात. नुसती वाद्यं वाजत असतात तिथेही लोक तोंडाने चाल गातात. पोर्टनॉय गेल्यावर चाहत्यांत भावकीसारखे दोन तट पडले होते. नवीन ड्रमवाले माइक मँगिनी उत्तम वाजवत होते, त्यांच्या काळात 2022 साली बँडला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला, तरी भांडण मिटलं नाही. 2023 च्या ऑक्टोबरात पोर्टनॉय परत आले. त्या दिवशी आपला मुलगा जेवलाच नाही, असं ताई सांगतात. आनंदाने, हे त्यांना आत्ता कळलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. 'रिपेंटन्स'मध्ये बोलणाऱ्यांत एक स्टीव्ह होगार्थ आहेत. ते इंग्लंडच्या मॅरिलियन या बँडचे गायक. त्यांचं संगीत याच घराण्यातलं, पण सौम्य. 1997 साली या बँडला अमेरिकेचा दौरा करायला पैसे नव्हते आणि कंपनी देत नव्हती. हे कळल्यावर अमेरिकेतल्या चाहत्यांनी आपसात वर्गणी काढली. वेगळं खातं उघडलं, पैसे बँडच्या हातात न देता तिथे जमा केले. सुमारे साठ हजार डॉलर जमले. दौरा झाला, आणि वर्गणी देऊनही तिकिटं त्यांनी पुन्हा विकतच घेतली. यावरून बँड शिकला. 2001 च्या अल्बमसाठी त्यांनी चाहत्यांनाच विचारलं, अजून बनलेला नाही, आगाऊ पैसे द्याल का? बारा हजारांवर लोकांनी दिले. त्या पैशातून अल्बम झाला, हक्क बँडकडे राहिले, आणि ज्यांनी वेळेत पैसे भरले त्यांची नावं अल्बमबरोबर छापली. न पाहिलेल्या मालाला बारा हजार माणसं आगाऊ पैसे देतात! आपल्या मसाल्याला दिवाळीची आगाऊ ऑर्डर मिळवताना आमची किती दमछाक होते, ते आम्हालाच माहीत.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं, फक्त मुलाची गोष्ट सोडून. बाया मन लावून ऐकत होत्या. वर्गणीचं ऐकून अध्यक्षांनी विचारलं, "खातं कोणाच्या सहीने चालायचं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग हेडफोनच्या कर्जावर मत घेतलं. दोघी विरोधात राहिल्या. त्यातली एक म्हणाली, गाणं चांगलं असेल, पण बाईच्या नावावर कर्ज काढून पोराची हौस कशाला? तिचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की कर्ज ताईंच्या नावावर, दहा हप्ते, आणि हप्ता मुलाने सुट्टीत वायरिंगच्या कामावर जाऊन भरायचा. इतिवृत्तात तसं लिहिलं. आत्तापर्यंत चार हप्ते वेळेवर आले आहेत.

मुलाने आणखी एक केलंय. तालुक्याच्या गावी दारू सोडणाऱ्यांची सभा कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे भरते, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. ताईंना ते पान त्याने दाखवलं आहे. वडिलांना अजून दाखवलेलं नाही.