झूम की उजेड?

‘अगं, ते सगळं राहू दे. झूम किती आहे तेवढं सांग!’

बाबा रिटायर झाले त्या आठवड्यातला हा डायलॉग. आयुष्यभर बँकेत आकडेमोड केल्यावर माणसाला एखादा छंद हवाच की. बाबांचा छंद ठरलेला होता, पक्षी बघणं. दुर्बीण होती, पक्ष्यांची नावं लिहायची डायरी होती. नव्हता तो कॅमेरा. आणि कोणता घ्यायचा हे ठरवायचं काम आपसूक घरातल्या ‘मीडियावाल्या’ मुलीकडे आलं.

मी एका सेकंदात निकाल दिला, ‘डीएसएलआर. दुसरा विचारच नको.’

‘पण त्या ब्रिज कॅमेऱ्यात ८३ पट झूम असतो म्हणे!’

मी हसले. मास कॉममध्ये फोटोग्राफीचा एक पेपर दिलेली मुलगी जशी हसेल, तशी. ब्रिज कॅमेरा म्हणजे ना धड खिशातला छोटा कॅमेरा, ना धड डीएसएलआर. दिसायला दणकट, पण लेन्स बदलता येत नाही. हौशी लोकांचं खेळणं, असं माझं पक्कं मत. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांच्या फंडाचे पैसे माझ्या मतावर उडवायचे, तर ते मत एकदा तपासून बघायला नको? म्हणून दोन मित्रांकडून दोन कॅमेरे उसने आणले. एक सुपरझूम ब्रिज. दुसरा अॅडव्हान्स्ड डीएसएलआर, सोबत ५०० एमएमपर्यंत जाणारी लांबलचक लेन्स. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये. ही गोष्ट कंपन्यांची नाही, कॅमेऱ्यांच्या दोन जातींची आहे.

वाटी आणि परात

आधी थोडं गणित. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

बाबा म्हणत होते तो ८३ पट झूम निकॉनच्या पी९०० चा. हा २०१५ मध्ये आला आणि चंद्रावरचे खड्डे घरबसल्या दाखवून फेमस झाला. २४ ते २००० एमएम अशी त्याची रेंज सांगतात. २०१८ च्या पी१००० नं ती थेट ३००० वर नेली. मग प्रश्न पडतो, की स्टेडियमवर प्रेस फोटोग्राफर हाताएवढी लेन्स घेऊन बसतात ते ४०० किंवा ६०० एमएमसाठी, आणि इथे एका हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यात २००० कसे काय?

ग्यानबाची मेख आहे सेन्सरमध्ये. पी९०० ची लेन्स प्रत्यक्षात ३५७ एमएमचीच आहे. पण मागचा सेन्सर आहे जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. चित्राचा एवढासाच तुकडा उचलला, की दूरची वस्तू आपोआप मोठी दिसते. २००० हा आकडा म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या हिशेबात केलेली तुलना. ती खोटी नाही, पण फुकटही नाही.

निकॉनच्या डी५०० सारख्या डीएसएलआरचा सेन्सर २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढलंत तर छोट्या सेन्सरच्या साधारण १३ पट! फुल फ्रेम घेतला तर ३० पटींहून जास्त. अंगणात पावसात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. मुसळधार पाऊस असेल तर वाटीही भरेल. पण भुरभुर असेल तर? कॅमेऱ्याचा पाऊस म्हणजे उजेड.

एवढी थिअरी पाठ करून आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेचारला पुणं सोडलं.

भिगवण, सकाळी सात

सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण. उजनी धरणाचं बॅकवॉटर. हिवाळ्यात इथे फ्लेमिंगो उतरतात, बार-हेडेड गूज हिमालय ओलांडून येतात, चित्रबलाक तर असतातच. कुंभारगावात स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून पक्षी दाखवायला नेतात. आम्ही होडीत बसलो तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता. पाण्यावर धुकं आणि धुक्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रांग. सॉलिड सीन!

ब्रिज बाबांकडे, डीएसएलआर माझ्याकडे.

पहिल्या अर्ध्या तासात मॅच एकतर्फी झाली. त्या उजेडात मी आयएसओ १६०० वर निवांत क्लिक करत होते. धुक्याचा करडा, पंखांचा गुलाबी, पाण्यावरचा तांबूस, सगळे रंग जागच्या जागी. बाबांच्या स्क्रीनवर मात्र तेच पक्षी पाण्यात विरघळल्यासारखे दिसत होते. छोट्या सेन्सरवर आयएसओ वाढला की दाणे येतात. कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि त्यांच्याबरोबर पिसंही पुसली जातात.

तेवढ्यात होडीपासून हाकेच्या अंतरावर काळा-पांढरा खंड्या येऊन हवेत एका जागी फडफडू लागला. ‘ताई, आता मारंल बघा बुडी!’ होडीवाले दादा ओरडले. मी बटण दाबून धरलं. अशा कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस यासाठीच बनलेला असतो. डी५०० चंच उदाहरण घ्या, सेकंदाला १० फोटो आणि फोकसचे १५३ पॉइंट. शिवाय आरशातून येणारं दृश्य डोळ्याला थेट दिसतं, मध्ये वेळ जात नाही. खंड्यानं सूर मारला, मासा घेऊन वर आला. माझ्याकडे चौदा फोटो, त्यातले पाच खणखणीत. बाबांना मिळालं रिकामं पाणी आणि त्यावरची वर्तुळं. ब्रिजमधला छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा खंड्याच्या मागे मागेच धावत राहिला.

‘बघा, सांगितलं होतं ना!’ मी म्हणाले. बाबांनी मान डोलावली.

भिगवण, सकाळी नऊ

नऊ वाजता मॅच फिरली.

ऊन स्वच्छ पडलं होतं. दूर पाण्यातल्या एका वठलेल्या झाडावर काहीतरी बसलेलं दिसत होतं. होडी आणखी जवळ नेली असती तर उडून गेलं असतं. माझ्या ५०० एमएम लेन्सला (त्या सेन्सरवर हिशेब होतो ७५० एमएमचा) तो फांदीवरचा एक तपकिरी ठिपका होता. बाबांनी झूमचं बटण दाबून धरलं. लेन्स गुरगुरत बाहेर आली. बाबांचा श्वास अडकल्याचं मला शेजारी बसून ऐकू आलं.

‘ऑस्प्रे! अगं, पंजात मासा आहे. डोळा बघ, पिवळा!’

फोटो ग्रेट होता का? नाही. फ्रेम करून लावण्यासारखा मुळीच नव्हता. पण ऑस्प्रे होता, मासा होता, पिवळा डोळा होता. मी घरी येऊन माझ्या २० मेगापिक्सेलच्या फोटोतून तेवढाच भाग कापला, तर उरले जेमतेम ३ मेगापिक्सेल. फोनच्या स्क्रीनला ते चालतं, पण बाबांच्या फोटोतली ओळख माझ्या फोटोत नव्हती.

मग बाबा सुटलेच. चिखलातले ते एकसारखे दिसणारे लांब चोचीचे पक्षी एकेक करून वेगळे करू लागले. फोटो काढायचा, मोठा करायचा, चोच बघायची, डायरीत नाव लिहायचं. दोन तासांत २३ नावं. त्यांचा कॅमेरा कॅमेरा राहिलाच नव्हता, आठवण ठेवणारी दुर्बीण झाला होता.

अकराच्या सुमाराला मात्र दोघांचीही दुकानं बंद झाली. पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागली, की लांबचा फोटो लेन्स कितीही महाग असली तरी लहरतोच. जितका झूम जास्त तितकी ती थरथर जास्त दिसते. आम्ही मुकाट किनाऱ्याला लागलो आणि चिलापी फ्रायवर ताव मारला.

तिथे बाबांनी उजवा खांदा चोळत विचारलं, ‘तुझा तो एकदा हातात दे बरं.’

दिला. बॉडी आणि लेन्स मिळून तीन किलोंच्या वर. बाबांनी तो डोळ्याला लावला. दहाव्या सेकंदाला हात थरथरायला लागला. त्यांनी तो अलगद टेबलावर ठेवला, काही न बोलता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हाच खांदा फ्रोजन झाला होता. शर्ट घालायला आईची मदत लागायची. कॅमेऱ्याचा निकाल एका सेकंदात देताना ही गोष्ट माझ्या लक्षातसुद्धा आली नव्हती.

भाचीचं गॅदरिंग

पुढच्या शनिवारी भाचीचं गॅदरिंग. ती फुलपाखरू, आम्ही चौदाव्या रांगेत, हॉलमध्ये मिणमिणता उजेड. इथे ब्रिजनं सपशेल मान टाकली. बहुतेक सुपरझूममध्ये झूम वाढवला की लेन्सचं तोंड बारीक होत जातं. पी९०० मध्ये ते एफ २.८ वरून ६.५ वर जातं, म्हणजे उजेड पाचपटीहून कमी! फुलपाखराचे पंख तेवढे आले, चेहरा पुसट. डीएसएलआरला मी मित्राची छोटी ८५ एमएम, एफ १.८ लेन्स लावली आणि भाचीच्या गालावरची टिकलीसुद्धा आली. लेन्स बदलता येण्याचा फायदा हाच. डीएसएलआर घेताना तुम्ही कॅमेरा घेत नाही, एक घराणं घेता.

अर्थात घराणं म्हटलं की खर्च आला. बॉडीवर पैसे संपवून सोबत मिळालेल्या साध्या लेन्सवर वर्षानुवर्षं बसलेले लोक माझ्या ओळखीत ढिगानं आहेत. ईएमआय फिटेपर्यंत उत्साह फिटतो. मग कॅमेरा कपाटात जातो, दोन पावसाळ्यांत लेन्सवर बुरशी चढते. होडीत लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसते, ती वेगळीच.

मग कोणी काय घ्यावं?

पक्षी ओळखायचेत, ट्रेकला जायचंय, सामान कमी हवंय आणि फोटो मुख्यतः स्वच्छ उन्हात काढायचेत? बिनधास्त ब्रिज घ्या. फक्त वजन विचारून घ्या. पी९०० साधारण ९०० ग्रॅमचा आहे, पण पी१००० चक्क १४१५ ग्रॅमचा. २०२५ मध्ये आलेल्या पी११०० लाही तीच ३००० एमएमची रेंज आहे. फोटो नंतर कॉम्प्युटरवर सुधारायचे असतील तर रॉ फाइल मिळते का बघा. पी९०० मध्ये ती सोय नाही, पी१००० मध्ये आहे.

मधला मार्ग हवाय? सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२०१७) आहे. झूम ६०० एमएमवरच थांबतो, पण सेन्सर छोट्या सुपरझूमच्या चौपट आणि पूर्ण झूमलाही एफ ४. वाटी नाही, परात नाही, चांगलं पातेलं म्हणा.

पहाटेचा उजेड, उडते पक्षी, स्टेजवरचे कार्यक्रम, भिंतीवर मोठे प्रिंट? मग परातीला पर्याय नाही. मात्र एक लक्षात घ्या. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मधले, डी५०० चं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. दोघांचाही सगळा भर आता मिररलेसवर आहे. म्हणजे अॅडव्हान्स्ड डीएसएलआर आज बहुतेक वेळा सेकंड-हँडच मिळणार. त्यात वाईट काही नाही, उलट मिररलेसवर गेलेल्यांच्या उत्तम लेन्स त्यामुळे बाजारात आल्यात. घेताना शटर किती वेळा चाललंय ते तपासा (डी५०० चं शटर २ लाख क्लिकसाठी टेस्ट केलेलं आहे). लेन्स टॉर्चच्या उजेडात धरून बुरशी बघा. आणि पूर्ण बजेटमधले निम्म्याहून जास्त पैसे लेन्ससाठी ठेवा.

आमच्या घरी

बाबांनी ब्रिज घेतला. मी समजावण्याच्या तयारीत होते, पण कोणाला काय समजावणार? ‘मला प्रदर्शन नाही भरवायचं गं,’ ते म्हणाले, ‘मला फक्त कळायला हवं, समोर कोण बसलंय ते.’ तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तो एका सेकंदातला निकाल बाबांसाठी नव्हताच. डीएसएलआर मला हवा होता. त्यांच्या पैशांनी, त्यांच्या खांद्यावरून.

तो आता मी माझ्या पैशांनी घेणार आहे, सेकंड-हँड. दर महिन्याला थोडे बाजूला टाकतेय.

दरम्यान बाबा दर रविवारी कुठल्या ना कुठल्या तळ्यावर असतात. परवा मी सोबत गेले होते. सात वाजून गेले, आभाळ गुलाबी झालं, तरी त्यांचा कॅमेरा पिशवीतच. म्हटलं, ‘काढा की बाबा!’

‘आत्ता त्याला दिसत नाही,’ बाबा म्हणाले. ‘आठपर्यंत आपण बघायचं.’