महाजाल आणि तांत्रिक लेखनाचे शिक्षण

विजेच्या पंपाबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत पुढील वाक्य आहे, अशी कल्पना करावी : ‘झाकण काढावे, मात्र तत्पूर्वी वीजपुरवठा खंडित करण्यात आल्याची खात्री करून घेण्यात यावी.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही चूक नाही. परंतु हातात पेचकस घेऊन वाचणारा मनुष्य पहिल्या दोन शब्दांनंतरच झाकणाला हात घालतो. शिवाय वीज बंद कोणी करावयाची, हेही वाक्य सांगत नाही. ‘आधी मुख्य बटण बंद करा. मगच झाकण काढा.’ एवढ्यानेच एखाद्याचा जीव वाचू शकतो. वाचणाऱ्याच्या हातून नेमकी कृती बिनचूक घडावी यासाठी केलेले लेखन, ते तांत्रिक लेखन.

यंत्र जाणणे ही एक विद्या आणि ते दुसऱ्यास कळेल असे सांगणे ही दुसरी. ही दुसरी विद्या शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकाला आज महाजालावर पुष्कळ साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९७६ साली लेखनाची प्रयोगशाळा काढली आणि १९९४ साली ती महाजालावर आणली. अहवाल, पत्रव्यवहार, सूचना इत्यादींविषयीचे तिचे मार्गदर्शन जगभर वाचले जाते. गूगल कंपनीने आपल्या अभियंत्यांसाठी तयार केलेला तांत्रिक लेखनाचा अभ्यासक्रम २०२० साली सर्वांना खुला केला. आपल्याकडे भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमात तांत्रिक इंग्रजीचेही पाठ मिळतात.

तथापि, या साहित्याचा उपयोग कसा करावा, याचे उत्तर गूगलच्या अभ्यासक्रमाच्या रचनेतच सापडते. त्यातील पहिला भाग शिकणाऱ्याने एकट्याने वाचावयाचा. दुसरा भाग मात्र वर्गात, एकमेकांचे लेखन तपासून पुरा करावयाचा. यामागील तत्त्व उघड आहे. नियम पडद्यावरून शिकता येतात. परंतु आपले वाक्य दुसऱ्याला कोठे अडले, हे तो दुसराच सांगू शकतो. लेखकाला स्वतःचा आशय आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला आपली संदिग्धता दिसत नाही.

मराठीच्या शिक्षकापुढे आणखी एक काम आहे. परिभाषेचा प्रश्न बराचसा सुटला आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचे आणि महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे शब्दसंग्रह आता महाजालावर पाहता येतात. परंतु शब्द मिळाला म्हणजे वाक्य साधले असे नव्हे. इंग्रजी पाठांतील नियमही जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. इंग्रजीत क्रियापद कर्त्यापाठोपाठ येते. मराठीत ते बहुधा शेवटी असते. त्यामुळे वाक्य लांबले की काय करावयाचे हे वाचकाला अखेरपर्यंत समजत नाही. म्हणून मराठी सूचनेत लहान वाक्यांची गरज अधिक. ‘करण्यात यावे’ हा कचेरीतून आलेला प्रयोगही असाच. त्यात कर्ता लपतो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही.

यासाठी शिक्षकाला मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. नियम महाजालावरून घ्यावेत, परिभाषा शब्दसंग्रहातून घ्यावी आणि उदाहरणे मात्र भोवतालची घ्यावीत : गॅसच्या शेगडीची, फवारणीच्या औषधाची, बँकेच्या अर्जाची. एका विद्यार्थ्याने सूचना लिहावी. दुसऱ्याने त्याला काहीही न विचारता केवळ ती वाचून कृती करावी. जेथे त्याचा हात थांबेल, तेथे वाक्य दुरुस्त करावे. महाजालामुळे चांगला पाठ खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचला, हा लाभ लहान नाही. परंतु लेखनाची खरी परीक्षा अजूनही समोर बसलेल्या वाचकाच्याच हाती आहे.