माणूस असल्याचा दाखला

परभणी जिल्ह्यातील ताडकळस हे पूर्णा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. सोयाबीन, कापूस आणि हळद यांच्या भावाची चर्चा जेथे चालते, तेथेच चार खुर्च्या आणि एक संगणक मांडून बसलेले सेवा केंद्रही आढळते. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी पूर्वी तलाठ्याच्या चावडीत किंवा तहसिलीच्या व्हरांड्यात होणारी कामे आता या खुर्च्यांपाशी होतात. २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, मराठवाड्यातील शेते पाण्याखाली असतानाच्या त्या दिवसांत, अशाच एका केंद्रावर काही काळ बसण्याचा प्रसंग आला. एक प्रौढ स्त्री कोणत्याशा योजनेच्या पडताळणीसाठी आली होती. आधार क्रमांक झाला, मोबाइल क्रमांक झाला, आणि पडद्यावर वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांचे एक चित्र उमटले. ते तीनदा चुकले. चौथ्या खेपेस तिने चालकास विचारले, “बाबा, हे काय इचारतंय?” तो म्हणाला, “मावशी, तुम्ही माणूस आहात का, ते विचारतंय.” ती हसली आणि म्हणाली, “मंग आता काय सांगावं त्याला?”

या प्रश्नाचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. शासकीय मराठीत ‘पडताळणी संकेतांक’ असे भारदस्त नाव धारण केलेला, आणि लोकांच्या तोंडी ‘कॅप्चा’ म्हणून रूढ झालेला हा प्रकार आज प्रत्येक सार्वजनिक व्यवहाराच्या उंबरठ्यावर बसलेला आहे. तो तेथे का आला, त्याचे काम तो करतो काय, आणि करीत नसेल तर त्याचा भुर्दंड कोणी सोसावयाचा, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

परीक्षक यंत्र, परीक्षार्थी माणूस

१९५० मध्ये ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने ‘माइंड’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. यंत्र विचार करू शकते काय, या प्रश्नाऐवजी त्याने एक कसोटी सुचविली: पडद्याआडून लेखी प्रश्नोत्तरे करणाऱ्या परीक्षकास समोर यंत्र आहे की माणूस, हे ओळखता येते काय? त्या कसोटीत परीक्षक माणूस होता आणि परीक्षा यंत्राची होती. अर्धशतकानंतर हे चित्र उलटे झाले. २००० च्या सुमारास याहू कंपनीची फुकट टपालखाती हजारोंच्या संख्येने संगणकीय कार्यक्रम उघडू लागले आणि त्यांतून जाहिरातींचा कचरा जगभर वाहू लागला. त्यावर उपाय म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लुम व निकोलस हॉपर आणि आयबीएम कंपनीचे जॉन लँगफर्ड यांनी या चाचण्यांची शास्त्रीय मांडणी केली. २००३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ‘कॅप्चा’ ही अक्षरे त्यांच्याच एका लांबलचक नावाची आद्याक्षरे होत. संगणक आणि मानव यांना वेगळे ओळखणारी संपूर्ण स्वयंचलित, सार्वजनिक ट्युरिंग चाचणी, असा त्या नावाचा भावार्थ. म्हणजे आता परीक्षक यंत्र झाले आणि परीक्षार्थी माणूस!

कल्पना मुळात चतुर होती. माणसास सहज जमते पण यंत्रास जमत नाही, असे काम निवडावयाचे. त्या काळी मोडलेली, ताणलेली, रेघोट्यांत गुंतलेली अक्षरे वाचणे हे असे काम होते. पुढे फॉन आन यांनाच वाटले की जगातील माणसे रोज अशी सुमारे वीस कोटी कोडी सोडवितात, प्रत्येकी दहा सेकंद घालवितात आणि मिळून पाच लाख तास वाया जातात. २००७ मध्ये त्यांनी एकाच वेळी दोन शब्द दाखविण्याची युक्ती काढली. एक शब्द यंत्रास ठाऊक असे. दुसरा जुन्या ग्रंथांतून वा वृत्तपत्रांतून उचललेला आणि यंत्रास न लागलेला. पहिला बरोबर आला की दुसऱ्याचे उत्तरही ग्राह्य मानावयाचे आणि अनेकांची उत्तरे जुळली की ते कायम करावयाचे. २००९ मध्ये गूगलने हा उद्योग विकत घेतला. पुढे शब्दांच्या जागी घरांचे क्रमांक आले, आणि २०१४ नंतर चित्रांचे चौकोन. उत्तरपत्रिकांच्या निमित्ताने परीक्षकाने आपले कारकुनी काम वर्गाकडून करून घ्यावे, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

चाचणी का हवी?

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. यंत्रांची घुसखोरी ही काल्पनिक भीती नव्हे. पूर्णा जंक्शनवरून मुंबईस जाऊ इच्छिणाऱ्या प्रवाशास तत्काळ तिकिटाचा अनुभव विचारावा. खिडकी उघडते आणि डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच जागा संपलेल्या असतात. २०२५ च्या जूनमध्ये रेल्वे खात्याने स्वतःच सांगितले की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांतील प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी निम्मे यंत्रांचे होते आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करण्यात आली आहेत. १ जुलै २०२५ पासून तत्काळ आरक्षणास आधारची पडताळणी आवश्यक झाली. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या लसीसाठी नोंदणी चालू असताना, संगणकाची विद्या जाणणाऱ्यांनी लिहिलेले कार्यक्रम मोकळ्या वेळा टिपून घेत आणि खेड्यातील माणूस रिकाम्या हाताने परते. तेव्हा दारावर कोणी राखणदारच नको, असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. रांगेत घुसणाऱ्यास अडविणे हे रांगेतील दुर्बलाच्याच हिताचे असते.

परंतु राखणदार कोणास अडवितो, हे पाहावयास नको काय? गूगलच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये जाहीर केले की अत्यंत कठीण अशी वाकडी अक्षरे त्यांचे यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचते. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील संशोधकांनी सुमारे चौदाशे माणसांवर चाचण्या घेतल्या. वाकड्या अक्षरांच्या परीक्षेत माणसांना नऊ ते पंधरा सेकंद लागले आणि अचूकता ५० ते ८४ टक्के राहिली. यंत्रे तीच परीक्षा एका सेकंदाच्या आत, जवळजवळ निर्दोषपणे उत्तीर्ण होत होती. २०२४ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील अभ्यासकांनी चित्रांच्या चौकोनांचीही तीच गत करून दाखविली. ज्या परीक्षेत चोर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो आणि घरधनी नापास होतो, ती परीक्षा चालू ठेवण्याचे प्रयोजन काय?

शिवाय यंत्रास जमले नाही, तरी ते माणूस भाड्याने घेऊ शकते. २०१० मध्ये सॅन डिएगो येथील संशोधकांनी या बाजाराचा अभ्यास केला. भारत, बांगलादेश, चीन यांसारख्या देशांतील स्वस्त श्रमांवर तो उभा होता आणि एक हजार कोडी सोडविण्याचा भाव अर्ध्या डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे तेवीस रुपयांपर्यंत, उतरला होता. २०२३ मधील एका चाचणीत तर जीपीटी-४ या यंत्राने असेच कोडे सोडविण्यासाठी एका माणसाची मदत मागितली. ‘तू यंत्र तर नाहीस ना?’ अशी शंका त्याने घेताच आपली दृष्टी अधू असल्याची थाप यंत्राने मारली आणि काम साधले. अंधत्वाचे सोंग घेणारे यंत्र आत गेले. खरा अंध मात्र दाराबाहेरच राहतो.

भुर्दंड कोणाच्या माथी?

हे अलंकारिक विधान नव्हे. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने लसनोंदणीच्या व्यवस्थेतील ज्या त्रुटी नोंदविल्या, त्यांत दृष्टिहीनांना ऐकता येईल असा कॅप्चा नसणे ही एक होती. ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात, डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचे कॅमेऱ्यास पटविता न येणारे अंध आणि आम्लहल्ल्याने विद्रूप झालेले नागरिक न्यायालयासमोर होते. संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

अंध नसलेल्यांचेही हाल थोडे नाहीत. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याने इंग्रजी मोठी आणि लहान लिपी ओळखावी, शून्य आणि ओ यांतील फरक जाणावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने? चित्रांच्या परीक्षेत तर अमेरिकेतील रस्त्याकडेचा आगीच्या बंबाचा बुटका नळ ओळखावा लागतो. मराठवाड्यातील खेड्याच्या वाटेवर तो कोणी पाहिला आहे? परिणामी माणूस आपला आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला गुप्त अंक आणि वर चालकाचे शुल्क असे सर्व काही दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळा होतो. सुरक्षिततेसाठी बसविलेला अडसर त्याला अधिक असुरक्षित करून सोडतो.

निवृत्त शिक्षकांना आणि कारकुनांना हयातीच्या दाखल्याचा अनुभव आहे. दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे पटवावे लागते. परंतु तो दाखला घेणारा बहुधा खिडकीपलीकडचा माणूस असे. त्याला चेहरा दिसे, आणि थरथरत्या सहीमागचा हातही दिसे. यंत्रास ते दिसत नाही, हा यंत्राचा दोष नव्हे. दोष आहे तो यंत्रास एकमेव द्वारपाल नेमणाऱ्यांचा.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. एकाच ठिकाणाहून क्षणाला शेकडो मागण्या येत असतील तर त्या रोखणे हे व्यवस्थेचे काम आहे. त्यासाठी प्रत्येक म्हातारीची परीक्षा घेण्याचे कारण नाही. जेथे गुप्त अंकाने ओळख पटतेच, तेथे वर आणखी कोडे कशाला? जेथे ते टाळताच येत नाही, तेथे ते देवनागरीत असावे, ऐकूही यावे, आणि तीनदा चुकल्यास अर्ज अडून न राहता तो ग्रामपंचायतीत वा तहसिलीत एखाद्या जबाबदार माणसापुढे जावा. हक्काची मागणी घेऊन आलेला नागरिक हा माणूसच आहे, असे शासनाने आरंभी गृहीत धरावे. तो यंत्र असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची.

ताडकळसच्या त्या मावशीचे काम पाचव्या खेपेस झाले. अक्षरे चालकाने वाचली, चालकानेच टंकित केली. तिने पदरातून पैसे काढून दिले आणि ती एस.टी.ची वाट पाहावयास गेली. आपण माणूस आहोत, हे तिला शेवटपर्यंत स्वतः सांगता आले नाही.