जुनं ओळखायचं तर आधी नवं बघा

पौष पौर्णिमेला मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावात खांबलिंगेश्वराची, म्हणजे म्हसोबाची यात्रा भरते. ती बैलबाजारासाठी नावाजलेली. जुन्या वस्तू जमवायची हौस नुकती लागलेल्याने पहिला धडा अशा जत्रेतच गिरवावा, कारण इथला माल कोरा करकरीत असतो.

बैलाच्या गळ्यातली नवी पितळी घंटा हातात घ्या. दोरी ओवायच्या कडीची जाडी सगळीकडे सारखी लागेल. वर्षानुवर्षं बैलाच्या मानेवर हिंदकळलेल्या घंटेची कडी मात्र दोरीने आतून झिजलेली असते आणि लोळा आपटतो तिथे काठ आतून चेपलेला असतो. उठावाच्या जागा घासून गुळगुळीत होतात, काळपटपणा खाचांत साठतो. मुद्दाम जुनाट केलेली घंटा अनेकदा इथेच उघडी पडते: ती सगळीकडून एकसारखी काळी असते, पण कडी जशीच्या तशी जाड. मोडीच्या दुकानात अशी वापरलेली घंटा मिळाली, तर चिंच लावून लख्ख करू नका. वर्षांचा रंग एका दुपारीत निघून जातो, परत येत नाही.

अशा रोजच्या वस्तूंनाच पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) आयुष्य वाहिलं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने १९२०च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली ती दिवे, अडकित्ते, करंडे, कोरीव दारं अशा गोष्टींची. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं केलं. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. तिथे एकाच कपाटासमोर तासभर थांबा. दहा अडकित्ते शेजारी शेजारी पाहिले की कारागिराचा हात कळू लागतो, आणि किंमत विचारायची घाई आपोआप कमी होते.

घेतलेल्या वस्तूबरोबर वही ठेवा: कोणत्या गावची, कोणाच्या घरची, कशासाठी वापरत. हे टिपलं नाही तर अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मी वस्तू हरवली. पायली-अधोलीसारखी मापं तर वापरणारं माणूस आहे तोवरच समजून घ्यावीत.

मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं यांच्या वाटेला मात्र जपून जा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र घरी असेल तर नोंदणी करावी लागते. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते परदेशी नेता येत नाहीत. नांगराला लागलेला ऐवज १८७८च्या निखात निधी कायद्याखाली येतो, त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गावच्या वेशीवर शेंदूर लावलेला वीरगळ कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. त्याचा फोटो काढा, मोजमाप घ्या, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.