माणूस मुळात कसा? नेतृत्वाआधीचा प्रश्न

आज आपण वेरूळला जमलो आहोत. या गावची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथलेच. तेव्हा आजचा विषय महाराजांच्याच उदाहरणावरून पाहू.

माणसं हाताखाली घेण्याआधीच प्रत्येक नेत्याने मनात एक गोष्ट ठरवलेली असते : माणूस मुळात कसा आहे? डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली याची दोन उत्तरं मांडली. एक, माणूस कामचुकार आहे, त्याला धाकच हवा. दुसरं, योग्य परिस्थिती मिळाली तर तो आपणहून जबाबदारी घेतो. पहिल्याला त्याने 'एक्स' म्हटलं, दुसऱ्याला 'वाय'. गंमत अशी, की आपली समजूत स्वतःच पुरावा तयार करते. पहारा बसवला की माणसं पहाऱ्यापुरतंच काम करतात. मग साहेब म्हणतात, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

आता महाराजांचं मे १६७४ मधलं, चिपळूणकडे छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र घ्या. दाणा-वैरण जपून वापरा, एवढा हुकूम पुरला असता. पण ते कारण समजावतात : आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांचं धान्य, भाजी, गवत ओढून आणाल, आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. दिव्याची पेटती वात उंदराने नेली तर गवताला आग लागेल, इथवर ते सांगतात. समोरच्याला विचार करता येतो, असं मानणाराच एवढी कारणं देतो. अर्थात त्याच पत्रात ताकीदही आहे.

दुसरीकडे, सभासद बखरीत गडांची व्यवस्था वाचा. हवालदार, सबनीस, सरनोबत असे तीन अधिकारी. गड एकट्याच्या हाती नाही. कारण मोह कुणालाही होऊ शकतो.

मग महाराज 'एक्स' की 'वाय'? माझ्या मते, त्यांनी माणसाच्या समजुतीवर विश्वास ठेवला आणि मोहाची वाट व्यवस्थेने अडवली. ही अडवणूक पदाला होती, एखाद्या माणसाला नव्हती. त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे बहुधा उलटं चालतं : कारण सांगायचं नाही, आणि संशय मात्र ठरावीक माणसावर घ्यायचा.

तेव्हा आपल्या शाळेत, सोसायटीत, कचेरीत पुढचा नियम काढताना दोन गोष्टी तपासा. कारण सांगितलंय का? आणि तो नियम आपल्यालाही लागू आहे का?