चुंबकत्व दबते तेव्हा

शेंद्रा एमआयडीसीत मोटारी बनतात, त्यामुळे लोखंड दाबणे म्हणजे काय, हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही. प्रेसखाली पत्रा आकार घेतो, पण राहतो लोखंडच: चुंबकाला चिकटणारे आणि वीज वाहताना तापणारे. हजार टनांचे बळ एक चौरस मीटरवर पसरले, तर तिथला दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम शंभरपट भरतो. प्रयोगशाळेत बळ कमी आणि जागा त्याहून कितीतरी कमी असते. अर्ध्या मिलिमीटरच्या दोन हिरेटोकांमध्ये धातूचा कण धरून सुमारे तीनशे किलोचा भार दिला, की दाब दीड लाखपट होतो. नुसते स्क्रू आवळूनही हे साधते. २००१ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठातील कात्सुया शिमिझू यांच्या गटाने शुद्ध लोखंड असेच दाबले. सुमारे २ केल्विनखाली, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसवर, ते अतिवाहक झाले: त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. दाब तीन लाखपटीपर्यंत वाढवल्यावर हा गुण पुन्हा हरवला.

अतिवाहकतेत इलेक्ट्रॉन जोडीने चालतात आणि चुंबकत्व सहसा या जोड्या फोडते, म्हणून लोखंड या क्षेत्रात शत्रूच मानले जाई. दाबाखाली अणू जवळ येतात, त्यांची रचना बदलते आणि चुंबकत्व मावळते. पण नुसते अधिक थंड करून भागणार नाही का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बिस्मथ हा धातू दाबाशिवाय अतिवाहक होतो हे दाखवले खरे, पण त्यासाठी ०.०००५३ केल्विनपर्यंत उतरावे लागले. तोच बिस्मथ पंचवीस हजारपट दाबाखाली वेगळी रचना घेतो आणि ४ केल्विनच्या आसपासच अतिवाहक होतो. फरक सात हजारपटींचा. लोखंडाचे तर, चुंबकत्व शाबूत असेपर्यंत, कितीही थंड करून काही होत नाही.

दाबलेला धातू अतिवाहक तारा वापरणाऱ्या एमआरआयच्या यंत्रात बसवणार कसा, हा आक्षेप रास्त आहे. माझ्या मते दाबाची खरी किंमत वेगळीच आहे: एकही अणू न बदलता तो फक्त अंतरे बदलतो, म्हणून गुण कशामुळे आला ते कळते. २००८ मध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाला लॅन्थॅनम, लोखंड, आर्सेनिक आणि ऑक्सिजनच्या संयुगात थोडे फ्लोरिन मिसळून २६ केल्विनला अतिवाहकता मिळाली. चाळीस हजारपट दाबाने ती ४३ केल्विनवर गेली. काही आठवड्यांतच चिनी संशोधकांनी लॅन्थॅनमच्या जागी लहान आकाराचा सॅमेरियम घातला आणि मोजमापाच्या वेळी बाहेरून काहीही न दाबता ५५ केल्विन गाठले. आतून आवळण्याच्या या युक्तीला रासायनिक दाब म्हणतात.

मात्र ही कहाणी वाटते तितकी सरळ नाही. कॅल्शियम, लोखंड आणि आर्सेनिकचे एक संयुग साध्या दाबपात्रात १२ केल्विनच्या आसपास अतिवाहक होते. हेलियम वापरून सगळ्या बाजूंनी सारखा दाब दिला की होत नाही. म्हणजे काही निष्कर्ष असमान दाबाचेच अपत्य असतात, आणि ‘दाबले म्हणून झाले’ एवढे सांगून चालत नाही. कसे दाबले तेही सांगावे लागते. लोखंड आणि सेलेनियमचे संयुग तर उलटेच वागते. साध्या दाबाला त्यात चुंबकीय मांडणी नसते, दहा हजारपट दाबाच्या आसपास ती उगवते, आणि तरीही अतिवाहकता ८ केल्विनवरून चढत सुमारे ३७ पर्यंत जाते. मग चुंबकत्व शत्रू की सोबती? मला वाटते, पक्की गोठलेली चुंबकीय मांडणी जोड्यांना मारक ठरते आणि तिच्या काठावरची अस्थिरता त्यांना पोसते, असे मानले तर दोन्ही निरीक्षणे एकत्र बसतात. त्यावर वाद अजून चालू आहे. याच संयुगावरचा दाब ह्यूस्टनमधील पॉल चू यांच्या गटाने अतिथंड अवस्थेत झटकन काढला आणि २०२१ मध्ये जाहीर केले की ३७ केल्विनची अतिवाहकता दाब गेल्यावरही मागे राहिली. ती अवस्था, थंड ठेवली तर, किमान सात दिवस टिकली.